अठरा जागा, छत्तीस मुले आणि दोन फासे

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे नागपूर–मुंबई रेल्वेमार्गावरचे गाव आणि त्याला लागूनच नाचणगाव. नाचणगावचा एक विद्यार्थी जवळच्या एखाद्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, अशी कल्पना करू. जुलै महिना आहे. सूचनाफलकावर कागद लागला आहे की, फुटबॉल संघाची निवड चाचणी शनिवारी सायंकाळी ४ वाजता. संघात १८ जागा आहेत आणि नावे दिली आहेत ३६ जणांनी. मैदान काळ्या मातीचे, आदल्या रात्री पाऊस झालेला. दोन संघ पाडले जातात, वीस-वीस मिनिटांचे सामने होतात, क्रीडाशिक्षक कडेला उभे राहून कागदावर खुणा करतात आणि सोमवारी यादी लागते. आपल्या मुलाचा क्रमांक लागला असता तर तो एकोणिसावा असता.

हा प्रसंग कल्पित असला, तरी दर जुलै-ऑगस्टमध्ये शेकडो कॉलेजांत तो थोड्याफार फरकाने घडतो. एकोणिसाव्या मुलाचे नुकसान केवळ एका जर्सीचे नसते. वर्धा जिल्ह्यातली कॉलेजे १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे येतात. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत जो खेळला, तोच विद्यापीठाच्या निवडीसाठी डोळ्यांसमोर येतो. तिथून पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि विद्यापीठाचा कलर कोट. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी ठरावीक स्पर्धांतले यश दाखवावे लागते आणि त्या वाटेवरचे पहिले फाटक म्हणजे कॉलेजच्या मैदानावरची ही शनिवारची संध्याकाळ. आंतरविद्यापीठ स्पर्धांची वयोमर्यादा २५ वर्षांची असली तरी बी.ए.ची वर्षे तीन, म्हणजे चाचण्याही तीनच.

म्हणून प्रश्न असा की, शनिवारच्या चाचणीत नेमके काय मोजले जाते? मुलाची कुवत किती आणि त्या दिवशीचा योगायोग किती? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. त्याला आकडे लावता येतात, आणि तेही वर्गात बसून, दोन फाशांच्या मदतीने.

आधी एक साधा हिशेब करू. वीस मिनिटांच्या सामन्यात चेंडू बाहेर जातो, फाउल होतात, थ्रो-इनला वेळ जातो. प्रत्यक्ष खेळ १२ मिनिटे चालला असे धरू. मैदानावर खेळाडू २२. चेंडू सगळ्यांना सारखा मिळाला तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३३ सेकंद येतात. चेंडू बराच वेळ कोणाच्याच पायाशी नसतो, हवेत किंवा वाटेत असतो, हे लक्षात घेतले तर त्याहूनही कमी. या अर्ध्या मिनिटात एखाद्याला सरळ पायात पास मिळतो, तर एखाद्याला चिखलात अडकलेला. एखादा विंगर ज्या बाजूला उभा आहे तिकडे चेंडू फिरकतच नाही. चेंडू नसताना खेळाडू कुठे धावतो, कोणती जागा रिकामी ठेवत नाही, हे खरे तर अधिक महत्त्वाचे. पण कडेला उभ्या असलेल्या एका माणसाला २२ जणांचे ते पाहणे शक्य नसते.

आता फासे घेऊ. वर्गात ३६ विद्यार्थी असतील तर उत्तम. प्रत्येकाने दोन फासे एकदा टाकावेत आणि येणारी बेरीज (२ ते १२) कागदावर लिहून कागद घडी घालून ठेवावा. ही त्याची ‘कुवत’. ती बदलणार नाही आणि निवडणाऱ्याला दिसणारही नाही. मग प्रत्येकाने दोन फासे पुन्हा टाकावेत. हा ‘शनिवारचा योगायोग’. कुवत अधिक योगायोग म्हणजे चाचणीचे गुण. ते फळ्यावर लिहा, उतरत्या क्रमाने लावा आणि पहिले १८ निवडा. बरोबरी झाली तर नाणे उडवा. नंतर घड्या उघडून पाहा, खऱ्या कुवतीने पहिल्या अठरांत बसणारे किती जण यादीत आले.

एका वर्गात १२ येतील, दुसऱ्यात १५. पण पुष्कळ वेळा खेळ केला तर सरासरी साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे १८ पैकी चार किंवा पाच जागा चुकीच्या मुलांना गेल्या आणि तेवढीच योग्य मुले घरी गेली. यात निवडणाऱ्याने पक्षपात केलेला नाही, डुलकी घेतलेली नाही. त्याने मिळालेल्या गुणांवर तंतोतंत न्याय केला आहे. चूक गुणांमध्येच आहे.

कोणी म्हणेल, कुवत आणि योगायोग यांना आपण सारखेच वजन दिले. खऱ्या मैदानावर योगायोगाचा वाटा इतका असतो हे कशावरून? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तरही मैदानावरच मिळते. त्याच ३६ मुलांची चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी, शक्यतो दुसऱ्या निवडकाकडून, आणि त्याला पहिली यादी दाखवू नये. मग दोन्ही याद्यांत समान असलेली नावे मोजावीत. निवड निव्वळ चिठ्ठ्या टाकून झाली असती तरी सरासरीने ९ नावे समान आलीच असती. फाशांच्या खेळात, म्हणजे कुवत आणि योगायोग यांचा वाटा निम्मा-निम्मा असताना, १२ नावे समान येतात. १४ नावे समान आली तर गुणांमधल्या चढउताराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कुवतीचा आहे असे समजावे आणि १६ आली तर जवळजवळ ९४ टक्के. (हे आकडे ३६ पैकी १८ म्हणजे निम्मे निवडायचे असतानाचे आहेत, प्रमाण बदलले की तेही बदलतात. एकाच वेळच्या मोजणीत एखादे नाव मागेपुढे होणारच, म्हणून दोन-तीन वर्षांच्या नोंदी ठेवलेल्या बऱ्या.) या मोजणीला पैसा लागत नाही, फक्त एक जादा संध्याकाळ लागते. तरीही ती सहसा केली जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. प्रयोगशाळेत लोलकाचा आवर्तकाल आपण मुलांना तीनदा मोजायला लावतो, आणि मुलाची वर्षे ठरवणारे मोजमाप मात्र एकदाच करून मोकळे होतो.

फाशांच्या खेळाकडे आणखी बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांची कुवत ११ किंवा १२ आहे ते जवळजवळ प्रत्येक यादीत येतात. ज्यांची २ किंवा ३ आहे ते क्वचितच येतात. गोंधळ असतो तो मधल्यांचा. दोन फाशांची बेरीज ६, ७ किंवा ८ येण्याची शक्यता ३६ पैकी १६, म्हणजे वर्गातली सुमारे १६ मुले या तीन आकड्यांवर दाटीवाटीने उभी असतात आणि निवडीची रेघ बरोबर त्यांच्यामधून जाते. खऱ्या मैदानावरही असेच असते. संघाचा सेंटर-फॉरवर्ड कोण, हे चाचणीआधीच सगळ्या कॉलेजला ठाऊक असते. जागांसाठी झगडा चालतो तो बाराव्या ते पंचविसाव्या मुलांत, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपले मोजमाप सर्वांत कच्चे असते.

उपाय उघड आहे. पुन्हा पुन्हा मोजा आणि सरासरी काढा. कुवत प्रत्येक वेळी तीच राहते. योगायोग मात्र कधी वर, कधी खाली जातो आणि सरासरीत आपोआप कापला जातो. चार वेळा मोजले तर १८ पैकी साधारण १५ योग्य मुले निवडली जातात, नऊ वेळा मोजले तर १६. मोजमापे वाढवली की विश्वसनीयता किती वाढते याचे सूत्र चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडले. परीक्षेत एकाच मोठ्या प्रश्नाऐवजी अनेक लहान प्रश्न का विचारावेत, याचे एक कारणही त्याच सूत्रात आहे. पण नऊ मोजमापांनंतरही दोन चुका उरतात, हे विसरू नये.

नऊ शनिवार कोणाकडे आहेत, असे क्रीडाशिक्षक विचारतील. शनिवार वाढवायची गरज नाही. सामने लहान करावेत. बावीस जणांऐवजी चार विरुद्ध चार खेळवले, तर १२ मिनिटांच्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला ३३ सेकंदांऐवजी ९० सेकंद येतात. तेच मैदान तीन-चार भागांत वाटले तर २४ ते ३२ मुले एकाच वेळी खेळतात. प्रत्येक सामन्यानंतर जोडीदार बदलायचे. संघ जिंकला तर त्यातल्या चौघांनाही प्रत्येकी ३ गुण, बरोबरीला १. पाच-सहा सामन्यांत जो मुलगा कोणाबरोबरही खेळला तरी जिंकतो, त्याची बेरीज वर येते. तो गोल करत नसेल, फक्त योग्य वेळी योग्य ठिकाणी उभा राहत असेल, तरीही येते. इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या आसपासच्या प्रशिक्षित मुलांवर असा प्रयोग झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. अशा सामन्यांतल्या गुणांची बेरीज आणि प्रशिक्षकांनी कौशल्य पाहून दिलेले गुण यांचा चांगला मेळ बसल्याचे त्यात आढळले. कॉलेजच्या वयात खेळाडूची जागा ठरलेली असते, डिफेंडर आणि विंगर यांची कामे वेगळी असतात, म्हणून एवढ्यावरच यादी करू नये. पण मधल्या पट्ट्यातल्या मुलांसाठी ही बेरीज फार उपयोगी आहे.

मोजणाऱ्याच्या डोळ्यांचाही प्रश्न आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव हे रकाने वेगवेगळे होते, पण ज्याला एका रकान्यात चांगले गुण त्याला सगळ्याच रकान्यांत चांगले, असे दिसले. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तसे एका गुणाचे तेज बाकीच्यांवर पडते. चाचणीच्या मैदानावर ही प्रभावळ नव्या बुटांची असते, उंचीची असते, ‘हा अमक्या शाळेकडून जिल्ह्याला खेळला होता’ या वाक्याची असते. यावरचा इलाजही सोपा आहे. दोन-तीन निवडकांनी एकमेकांशी न बोलता गुण लिहावेत आणि बेरीज झाल्यावरच चर्चा करावी. चहा पिताना आधी चर्चा झाली की तिघांचे मत एकच होते आणि तीन मोजमापांचे पुन्हा एकच मोजमाप उरते.

फासे अजून हातात आहेत तोवर आणखी एक पडताळा घ्यावा. चाचणीत चार फाशांची बेरीज होते, तिची सरासरी १४. समजा एका मुलाला २० गुण मिळाले. तो सरासरीच्या ६ ने वर आहे. यातले सरासरीने ३ कुवतीचे आणि ३ योगायोगाचे असतात. पुढच्या चाचणीत कुवत राहते, योगायोग नव्याने येतो. म्हणून २० गुणवाल्यांची पुढची सरासरी १७ येते. उलट ८ गुणवाले पुढच्या वेळी सरासरीने ११ वर जातात. कोणी आळशी झालेले नसते की कोणी जिद्दीला पेटलेले नसते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या व मुलांच्या उंचीच्या अभ्यासात हेच दाखवले होते. अति उंच आईवडिलांची मुले सरासरीने उंच, पण आईवडिलांइतकी नाहीत.

याचा मैदानावरचा परिणाम गमतीदार आणि थोडा क्रूरही आहे. ज्याची चाचणीत वाहवा झाली तो पहिल्या सामन्यात सरासरीने खाली येतो, आणि ‘निवड झाली तसे पोराच्या डोक्यात हवा गेली’ असे म्हटले जाते. ज्याला वाईट खेळाबद्दल बोलणी बसली तो पुढच्या वेळी सुधारतो, आणि बोलण्यानेच पोरे सुधारतात अशी खात्री पटते. २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले डॅनियल काह्नेमन यांना इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांकडून हाच अनुभव ऐकायला मिळाला होता. शाबासकी दिली की शिकाऊ वैमानिक बिघडतात आणि झापले की सुधारतात, असे ते सांगत. शाबासकी आणि झापणे दोन्ही बाजूला ठेवले असते तरी तेच झाले असते. शिक्षकांच्या खोलीतही हे वाक्य ऐकू येते, म्हणून इतके लिहिले.

इथवर आपण कुवत ही फाशांनी ठरलेली, न बदलणारी गोष्ट मानली. खऱ्या मुलाची कुवत आधीच्या सात-आठ वर्षांत घडलेली असते, आणि त्या वर्षांतही निवडी झालेल्या असतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. गटाची तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला ही दोन्ही मुले कागदावर एकाच वयाची. प्रत्यक्षात त्यांच्यात अकरा महिन्यांचे अंतर असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगा झपाट्याने वाढतो तेव्हा एका वर्षात ९ ते १० सेंटिमीटर उंची वाढू शकते. चौदा वर्षांखालील संघ निवडताना जानेवारीचा मुलगा ‘चांगला’ दिसतो. बऱ्याचदा तो फक्त मोठा असतो.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून दाखवले की, वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तिमाहीतल्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. पुढे फुटबॉलमध्येही तेच आढळले. याचे कारण राशी-नक्षत्रांत किंवा हवामानात नाही, हे बेल्जियममध्ये जवळजवळ प्रयोगासारखे सिद्ध झाले. तिथे वयोगटाची तारीख १ ऑगस्ट होती तेव्हा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेली मुले निवडलेल्या संघांत जास्त असत. १९९७ साली तारीख १ जानेवारी झाली आणि लगेच जानेवारी ते मार्चमधली मुले वाढली. ऑगस्टच्या मुलांची गुणवत्ता एका वर्षात आटली नव्हती. फक्त परिपत्रक बदलले होते.

हा पडताळा आपल्या शाळेच्या दाखल्यांवरून घ्यायला जाल तर एक अडचण येईल आणि ती आपल्याच मंडळींनी करून ठेवलेली आहे. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख विलक्षण लोकप्रिय आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला, पण खेड्यांत त्यानंतरही बराच काळ शाळेत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकून दिली. त्यामुळे जुन्या नोंदींचा आलेख काढला तर जूनमध्ये मोठा डोंगर दिसतो, आणि त्या डोंगराखाली खरे महिने गाडलेले असतात. मोठ्या स्पर्धांत म्हणूनच कागदावर विसंबत नाहीत. जागतिक फुटबॉल संघटना १७ वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून मनगटाची एम.आर.आय. तपासणी करते. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. ती पूर्णपणे भरून हाड एकसंध झालेले दिसले, तर मुलगा सतरा वर्षांच्या आत असण्याची शक्यता फार थोडी. क्ष-किरण वापरावे लागत नसल्याने ही तपासणी निरोगी मुलांवर करायला हरकत नसते. २०१७ साली हा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही त्याचे सामने झाले आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

नाचणगावच्या आपल्या मुलाकडे परत येऊ. समजा तो नोव्हेंबरचा आहे. तेराव्या वर्षी तो ठेंगणा होता म्हणून शाळेच्या संघात आला नाही. संघात नाही म्हणून बूट नाहीत, शिबिर नाही, जिल्ह्याचे सामने नाहीत. एकोणिसाव्या वर्षी उंचीतला फरक मिटून गेला आहे, पण सहा वर्षांच्या सरावातला फरक राहिला आहे. शनिवारच्या चाचणीत दिसतो तो हा फरक. तो खराच आहे. पण त्यातून पुढच्या तीन वर्षांत मुलगा किती वाढेल हे कळत नाही. म्हणून काही ठिकाणी मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गटांत खेळवून पाहतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ पासून असे सामने घेतले आहेत. कॉलेजच्या पातळीवर एवढे नको. ज्यांना शाळेत प्रशिक्षण मिळाले नाही अशा पाच-सहा मुलांना यादीबाहेर ठेवूनही रोजच्या सरावाला येऊ दिले आणि महिन्याभराने चार-चारचे सामने पुन्हा लावले, तर कोण किती पुढे सरकला ते दिसते.

राहिला गोलकीपर. त्याला वरचा हिशेब लागू पडत नाही, कारण जागा एक किंवा दोन आणि इच्छुक तिघे. बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला दहा-दहा पेनल्टी मारून पाहतात. समजा एकाची खरी कुवत दहात तीन अडवण्याची आहे, दुसऱ्याची दहात दोन. दहा-दहा किकनंतर चांगला गोलकीपर पुढे असण्याची शक्यता फक्त ६० टक्के, बरोबरीची १८ आणि कच्चा गोलकीपरच पुढे असण्याची सुमारे २२ टक्के. प्रत्येकाला चाळीस किक मारल्या तर ही २२ टक्के शक्यता सुमारे १२ वर येते. अर्ध्या मिनिटाला एक किक धरली तर चाळीस किकना वीस मिनिटे लागतात, तिघांना मिळून एक तास. किक मारणारे मात्र तिघांसाठी तेच असावेत, आणि ओल्या मातीत एकाच ठिकाणी खड्डा पडतो म्हणून दर दहा किकनंतर गोलकीपरांची पाळी बदलावी.